की वारंवार कापते? नवी की घालण्याआधी हब काढून शाफ्ट पाहा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. खडी क्रशरवरचा बेल्ट कन्व्हेयर आहे. १५ किलोवॅटची, १४६० आरपीएमची मोटर आणि पुढे २० ला १ चा गिअरबॉक्स. त्याचा आउटपुट शाफ्ट ७० मिलिमीटरचा, त्यावर बिडाचं पिन-बुश कपलिंग (रबरी बुशांतल्या पिनांनी दोन शाफ्ट जोडणारा सांधा) आणि कपलिंगपुढे ड्रम. या कपलिंगच्या हबमधली, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या त्याच्या मधल्या भागातली, २० बाय १२ मिलिमीटरची की (शाफ्ट आणि हब एकत्र फिरावेत म्हणून दोघांच्या खाचेत बसवलेला पोलादी तुकडा) दर दोन-तीन महिन्यांनी कापते. हब ९० मिलिमीटर लांब, की ८० ची, दोन्ही टोकं गोल. फिटर म्हणतो ईएन २४ या मिश्र पोलादाची कडक की घालू. टर्नर म्हणतो आणखी एक की-वे, म्हणजे कीची खाच, पाडून दोन की मारू. दोघांतलं कोण बरोबर, आणि मुळात शाफ्टवर एखादा भाग बसवून फिरवायचे मार्ग कोणते, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत विचाराल तर दोन्ही उपाय करू नका. की कापणं हा तुमच्याकडे सगळ्यात शेवटी दिसणारा परिणाम आहे. बिघाड त्याच्या कितीतरी आधी, हब आणि शाफ्टच्या मधे सुरू झालाय.

आधी आकडे पाहू. टॉर्क काढायला ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम एवढंच लागतं. मोटरच्या शाफ्टवर ९५५० × १५ ÷ १४६०, म्हणजे ९८ न्यूटन-मीटर. गिअरबॉक्सने वेग वीसपट कमी केला, म्हणून टॉर्क वीसपट वाढला. थोडी शक्ती गिअर आणि तेलात जाते, ती वजा करून आउटपुटला साधारण १,८५० न्यूटन-मीटर धरा. हा पीळ शाफ्टच्या पृष्ठभागावर, म्हणजे केंद्रापासून ३५ मिलिमीटरवर, पेलायचा आहे. १,८५० ला ०.०३५ ने भागलं की सुमारे ५३,००० न्यूटन येतात. वजनात सांगायचं तर जवळपास ५.४ टन. एवढा जोर त्या छोट्या पोलादी तुकड्याच्या एका बाजूवर येतो.

हा जोर कीला दोन प्रकारांनी मारतो. पहिला प्रकार कापण्याचा. शाफ्ट एका दिशेला ओढतो, हब दुसऱ्या दिशेला अडून बसतो आणि की मधून कापली जाऊ पाहते. तुमची की ८० ची असली तरी दोन्ही टोकं गोल आहेत. गोल भाग बाजूला टेकत नाही, म्हणून कीची रुंदी लांबीतून वजा करायची. सरळ भाग उरला ६० मिलिमीटर. २० गुणिले ६०, म्हणजे १,२०० चौरस मिलिमीटरवर ५३,००० न्यूटन. ताण ४४ मेगापास्कल. ईएन ८ या मध्यम कार्बनच्या साध्या पोलादाची की हा सहज पेलते. हिशोब इथेच थांबवला तर की कापायचं काहीच कारण दिसत नाही, आणि म्हणूनच माणूस 'मटेरियल खराब असेल' म्हणून मोकळा होतो.

दुसरा प्रकार चेचण्याचा, आणि बहुतेक वेळा की यातच मरते. २० बाय १२ च्या कीसाठी शाफ्टमधली खोली ७.५ आणि हबमधली ४.९ मिलिमीटर असते. कीची उंची १२, म्हणजे शाफ्टबाहेर आलेल्या फक्त ४.५ मिलिमीटर उंचीवर हबची भिंत कीला धरते. ४.५ गुणिले ६०, क्षेत्रफळ अवघं २७० चौरस मिलिमीटर. तिथे दाब येतो १९६ मेगापास्कल. हा झाला सुरळीत चालू असतानाचा. आता रात्रभर बेल्टवर खडी पडून राहिली आणि सकाळी तुम्ही थेट स्टार्टरचं बटण दाबलं तर काय होतं ते पाहा. थेट लाइनवर सुरू होणारी मोटर त्या क्षणी रेटेड टॉर्कच्या दोन ते अडीच पट जोर देऊ शकते. बेल्ट अडून बसला असेल तर तो सगळा जोर कपलिंगपर्यंत पोचतो. १९६ चे ४९० होतात. साधं ईएन ८ साडेतीनशेच्या आसपास दबायला लागतं, आणि बिडाच्या हबची भिंत तर आघाताला त्याहून कच्ची.

म्हणजे रोज सकाळी की थोडी चेचली जाते. आज दोन मायक्रॉन, उद्या तीन. कीच्या बाजूला फट पडते. फट पडली की प्रत्येक स्टार्टला आणि प्रत्येक मोठ्या दगडाला हब मोकळा धावून येऊन कीवर आदळतो. ढकलणं संपतं आणि ठोकणं सुरू होतं. दोन महिने असं ठोकून घेतल्यावर की तिरकी होते, तिच्या कडा लोळतात आणि मग एक दिवस कापते. कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. बाजूंवर पायरी पडलेली दिसेल आणि कडा चकचकीत दबलेल्या असतील. की खरोखर एका झटक्यात कापली असती तर बाजू जवळपास नव्यासारख्या राहिल्या असत्या. जुनी की फेकून देण्याआधी एवढं पाहिलंत तरी अर्धं निदान होतं.

आता ईएन २४ च्या कीबद्दल. ती चेचली जाणार नाही हे खरं. पण आदळणं थांबलेलं नाही. की दबत नसेल तर हबची भिंत दबेल, नाहीतर शाफ्टमधली. की काही रुपयांची वस्तू आहे. गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट काढायचा तर अख्खा गिअरबॉक्स उघडावा लागतो. मी नोकरीच्या सुरुवातीला एका कारखान्यात नेमकं हेच केलं होतं. हंगाम ऐन भरात, थांबायला वेळ नाही, म्हणून कडक करून घेतलेली की घातली. की टिकली. काही आठवड्यांनी शाफ्ट तुटला. तुटलेलं तोंड पाहिलं तर भेग की-वेच्या तळाच्या कोपऱ्यातून निघून तिरकी, साधारण ४५ अंशांत, शाफ्टभोवती चढत गेली होती, आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकाबाहेर एक रेषा होत्या. खडूचा तुकडा दोन्ही हातांत धरून पिळा, तोही असाच तिरका मोडतो. पिळाच्या थकव्याने तुटलेल्या शाफ्टची ती खूण आहे. त्या दिवसापासून वारंवार कापणाऱ्या कीच्या जागी मी जास्त कडक की कधीही घातलेली नाही.

की-वेच्या कोपऱ्यावर थोडं थांबतो, कारण शाफ्ट जिथून तुटतात ती जागा हीच आहे. एंड मिलने पाडलेल्या की-वेत, कोपऱ्याची गोलाई शाफ्टच्या व्यासाच्या २ टक्के धरली तर, वाकण्याचा ताण तिथे सव्वादोन पटीच्या जवळ आणि पिळाचा ताण तिपटीपर्यंत जातो, असे आकडे डिझाइनच्या पाठ्यपुस्तकांत वापरतात. टोकदार कोपरा असेल तर त्याहून वाईट. २० मिलिमीटरच्या की-वेच्या तळाला ०.४ ते ०.६ मिलिमीटरची गोलाई हवी. घाईत धार लावलेल्या टूलने पाडलेल्या की-वेत ती नसते. डिस्कसारख्या साइड कटरने पाडलेल्या की-वेचं टोक हळूहळू उथळ होत जातं, म्हणून तिथे ताण कमी साठतो. शाफ्टच्या शेवटपर्यंत जागा असेल तर मला तो प्रकार जास्त आवडतो.

टर्नरच्या दोन कीच्या सूचनेचंही असंच. दोन की म्हणजे दुप्पट ताकद असं वाटतं. पण दोन्ही की-वे शाफ्टमध्ये आणि हबमध्ये अगदी तंतोतंत कोनावर असतील तरच भार वाटला जातो. ०.०३ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की एकच की काम करते आणि दुसरी नुसती बसून राहते. म्हणून हिशोबात दोन की दीडपटीच्या आसपासच धरतात. आणि शाफ्टला भेगेसाठी आणखी दोन कोपरे मिळतात. उलटसुलट फिरणाऱ्या अतिजड कामाला स्पर्शरेषेत बसणाऱ्या जोड की वापरतात, पण ती वेगळी रचना आहे आणि तुमच्या कन्व्हेयरला तिची गरज नाही.

मग गरज कशाची आहे? पकडीची.

हब काढाल तेव्हा शाफ्टवर गेरूसारखी लालसर पूड दिसते का पाहा. तेल लागून ती कधी काळपट चिखलासारखीही होते. हब शाफ्टवर घट्ट नसेल तर प्रत्येक फेरीत काही मायक्रॉन हलतो. दोन्ही पृष्ठभाग घासतात, सुटलेले कण गंजतात आणि ती पूड होते. म्हणजे गंज पाण्यामुळे चढलेला नसतो, हलण्यामुळे चढलेला असतो. पूड दिसली की समजा, हब ढिला बसला होता आणि सगळा भार एकट्या कीवर होता. गिअरबॉक्स आणि ड्रमच्या शाफ्टची सरळ रेष बिघडली असेल तर ही हालचाल आणखी वाढते, कारण प्रत्येक फेरीत हब डुलतो. पिन-बुश कपलिंगची रबरं चूक पोटात घालतात हे खरं, पण थोडीच. डायल गेज लावून अलाइनमेंट केल्याशिवाय नवं कपलिंग चालू करू नका, एवढा एक आग्रह माझ्यासाठी पाळा.

घट्ट बसवणीत किती ताकद असते याचा अंदाज आपल्यातल्या बऱ्याच जणांना नसतो, म्हणून हिशोब करून दाखवतो. तुमचाच ७० चा शाफ्ट, ९० लांबीचा हब, पण बिडाऐवजी पोलादी आणि बाहेरून १४० व्यासाचा. हबचं बोअर, म्हणजे मधलं भोक, शाफ्टपेक्षा प्रत्यक्षात ०.०३ मिलिमीटर लहान ठेवलं, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. हब शाफ्टला साधारण ३२ मेगापास्कलने आवळतो. घर्षणाचा गुणांक ०.१२ धरला तर नुसत्या त्या आवळण्याने अडीच हजार न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क जातो. हबच्या की-वेमुळे त्यातला काही कमी होईल, तरी तुमच्या चालू टॉर्कला, १,८५० ला, की नसतानाही तो पुरतो. स्टार्टच्या क्षणी जो एकूण टॉर्क येईल त्यातला निम्म्याच्या आसपास भाग कीकडे जाईल. रोजची ठोकाठोक मात्र तिच्यापर्यंत पोचणारच नाही.

की लागतच नाही अशी सगळ्यात मोठी उदाहरणं आपल्या डोळ्यांसमोर असतात. रेल्वेचं चाक घ्या. ॲक्सलवर चाक प्रेसने दाबून बसवलेलं असतं, की नाही, बोल्ट नाही. बेंगळुरूजवळ येलहंका इथे रेल्वेचा चाकांचा कारखाना १९८४ पासून आहे. अशा कामात चाक दाबताना प्रेसचा जोर किती आणि कसा चढत गेला याचा आलेख काढून ठेवतात. आलेख ठरलेल्या पट्ट्यात नसेल तर ती जोडी पुढे जात नाही. हजारो प्रवासी रोज निव्वळ घर्षणावर प्रवास करतात आणि ते घर्षण पूर्ण विश्वासार्ह आहे, कारण माप धरून केलेलं आहे.

दुसरं उदाहरण साखर कारखान्यातलं. माझी बरीच वर्षं त्या मिलांच्या आसपास गेली. उसाच्या मिलचा रोलर म्हणजे घडीव पोलादाच्या शाफ्टवर बसवलेलं बिडाचं शेल. शेल तापवून शाफ्टवर चढवतात आणि ते थंड होऊन आवळतं. ५०० किलोवॅट आणि ५ आरपीएम धरून टॉर्क काढा. ९,५५,००० न्यूटन-मीटर. तुमच्या कपलिंगच्या पाचशेपटीहून जास्त. वेग जितका कमी तितका टॉर्क मोठा, हे मिल हाउसमध्ये उभं राहिल्यावर जसं अंगावर येतं तसं पुस्तकात येत नाही. तिथे आणखी एक अडचण असते. वरचा रोलर उसाच्या थराप्रमाणे वर-खाली होतो, गिअरबॉक्सचा शाफ्ट मात्र जागच्या जागी. म्हणून मधे चौकोनी टोकांचा टेल बार आणि त्यावर जरा सैल बसणारे कपलिंग बॉक्स असतात. हल्ली काही मिलांत त्या जागी दोरखंडाचं कपलिंग आलंय. ते जोडाला आडवा दाब फारसा देत नाही, त्यामुळे बेअरिंगं सुखी राहतात.

आता बाकीचे मार्ग भराभर सांगतो, कारण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे.

सरळ समांतर की आपण पाहिलीच. तिच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा की ती बाजूंनी काम करते, वरून नाही. ७.५ आणि ४.९ ची बेरीज १२.४, आणि कीची उंची १२. वर ०.४ ची फट मुद्दाम ठेवलेली आहे. फिटरने ती फट भरायला जाड की ठोकून बसवली तर हब एका बाजूला ढकलला जातो, आणि बिडाचा असेल तर की-वेच्या कोपऱ्यातून तडकतो. उतरती की, जिला डोकं असेल तर गिब की म्हणतात, ती बरोबर उलट वागते. शंभरात १ चा उतार, आणि ती वर-खाली पाचर म्हणून आवळते. जुन्या ऑइल इंजिनांच्या फ्लायव्हीलवर अजून दिसते. हळू चालणाऱ्या कामाला चांगली, पण हब केंद्रातून किंचित सरकवते, म्हणून वेगाच्या कामाला घेऊ नये.

अर्धचंद्राच्या आकाराची वुडरफ की स्कूटर-मोटरसायकलच्या मॅग्नेटोवर दिसेल. तिथे टॉर्क नेतो तो टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक, नट आवळल्यावर बसणारं. की फक्त चुंबक योग्य कोनात बसावं म्हणून. नट ढिला राहिला की टेपर सुटतो, की कापते, टायमिंग सरकतं आणि किक उलटी मारते. मेकॅनिक नवी की घालतो आणि पुन्हा तेच होतं, कारण टेपर पुसून, बसकण तपासून नट ठरलेल्या टॉर्कला आवळलेला नसतो. तुमच्या कन्व्हेयरचा आणि या स्कूटरचा आजार एकच आहे.

टेपर बुश तुम्ही पुलीवर पाहिले असतील. त्यांच्या नंबरात माप लपलेलं असतं. २५१७ म्हणजे जास्तीत जास्त बोअर २.५ इंच आणि लांबी १.७ च्या किंचित वर, १.७५ इंच. बसवताना टेपर कोरडा आणि स्वच्छ हवा. सहज निघावा म्हणून तेल-ग्रीस लावतात, ते करू नका. याच तत्त्वावर कोन असलेल्या कड्यांची लॉकिंग असेंब्ली मिळते. बोल्ट आवळले की एक कडं शाफ्टला आणि दुसरं हबला आवळतं. की-वे लागत नाही, शाफ्ट दुबळा होत नाही, सोडवायलाही सोपी. महाग आहे, पण जिथे भाग वारंवार काढावा लागतो तिथे मी तीच सुचवतो.

ग्रब स्क्रूवर, म्हणजे हबमधून शाफ्टवर टेकणाऱ्या बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूवर, टॉर्क सोपवू नका. त्याचं काम हब शाफ्टवर लांबीत सरकू नये एवढंच.

स्प्लाइन म्हणजे शाफ्टमधूनच कोरलेल्या अनेक की. ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट (मागच्या अवजाराला शक्ती देणारा), ३५ मिलिमीटर व्यास, सहा दाते, ५४० आरपीएम, हे माप द्राक्षबागेत ब्लोअर चालवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचं. ३० किलोवॅट घेतले तर तिथे सुमारे ५३० न्यूटन-मीटर टॉर्क असतो. भार अनेक दातांवर वाटला जातो आणि शाफ्ट लांबीत सरकूही शकतो, हा स्प्लाइनचा मोठा फायदा. मात्र सरकायचं तर ग्रीस हवं. कोरडा स्प्लाइन पीळ असताना सरकत नाही, तो दोन्ही टोकांच्या बेअरिंगांना ढकलतो.

त्याच ओघात युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात असलेले दोन शाफ्ट जोडणारा सांधा. एका जॉइंटमध्ये १५ अंशांचा कोन असेल तर पुढचा शाफ्ट एका फेरीत दोनदा साडेतीन टक्के जलद आणि दोनदा तितकाच हळू होतो. दुसरा जॉइंट ही कमी-जास्त भरून काढतो, पण मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत असतील आणि दोन्ही कोन सारखे असतील तरच. जीप-ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टवर म्हणून बाण कोरलेले असतात. शाफ्ट उघडून जोडताना ते बाण न जुळवल्याने सुरू झालेली थरथर मी कितीदा पाहिलीय. लोक क्रॉस बदलतात, बेअरिंग बदलतात, आणि दोष फक्त एक दाता सरकल्याचा असतो.

आणि शिअर पिन. रोटाव्हेटरसारख्या अवजारात मुद्दाम कमजोर बोल्ट ठेवतात. दगड लागला की तो कापतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी हाय-टेन्साइल बोल्ट घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी तार घालणं. काही जण म्हणतात, की सुद्धा अशीच फ्यूज आहे, कापली तर कापू दे. मला हे पटत नाही. शिअर पिन ठरलेल्या भाराला, ठरलेल्या खाचेत कापते आणि आपल्या घरात नुकसान करत नाही. की कधी कापेल सांगता येत नाही, आणि जाताना शाफ्टचा की-वे फाडून जाते. ओव्हरलोडपासून संरक्षण हवं असेल तर त्यासाठी वेगळा भाग ठेवा.

आता तुमच्या कन्व्हेयरचं काम.

हब पुलरने काढा. घणाने मारून काढू नका, तो मार गिअरबॉक्सच्या बेअरिंगच्या गोळ्या-रोलर झेलतात आणि त्यांच्या खुणा रेसवर कायमच्या उमटतात. शाफ्ट पुसून की-वेच्या चारही कोपऱ्यांना भेग दाखवणारं डाय पेनिट्रंट लावा. लाल रंग, पुसणं, पांढरी पावडर, दहा-पंधरा मिनिटं. कोपऱ्यातून लाल रेघ उमटली तर पुढचं सगळं थांबवा आणि शाफ्ट बदला. भेगेवर वेल्डिंग भरून चालवू नका. मध्यम कार्बनच्या पोलादावर वेल्डिंगच्या शेजारचा पट्टा कडक आणि ठिसूळ होतो, आणि शाफ्ट पुन्हा तिथूनच जातो.

भेग नसेल तर मायक्रोमीटरने शाफ्ट तीन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. नवा हब ईएन ८ चा करून घ्या आणि बोअर नकाशावरच्या ७० ला न करता तुमच्या शाफ्टला मोजून करा. सगळ्यात मोठ्या मापापेक्षा ०.०४ कमी. पृष्ठभागाच्या बारीक उंचवट्यांत थोडं दबतं, प्रत्यक्ष आवळणं ०.०३ च्या आसपास मिळतं. म्हणजे शाफ्ट ७०.०२ भरला तर बोअर ६९.९८. शाफ्ट थोडा झिजलेला असला तरी चालतं, कारण हब नवाच होतोय. मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर शाफ्ट आधी ग्राइंड करून सरळ करून घ्या. ढिला हब बसावा म्हणून शाफ्टला पंचाचे ठोके मारणं किंवा पत्र्याची शिम गुंडाळणं मुळीच नको. ठोक्यांचे उंचवटे पहिल्या आठवड्यात झिजतात आणि प्रत्येक ठोका हा भेगेचा नवा आरंभ असतो.

की नवी करा, साध्या ईएन ८ ची, पण हबच्या पूर्ण ९० लांबीत सरळ बाजू मिळेल अशी. शाफ्टचा की-वे बंद असल्यामुळे तेवढी जागा नसेल तर जितकी मिळेल तितकी. ९० मिळाले तर चेचण्याचा ताण १९६ वरून १३१ वर येतो, आणि स्टार्टला ४९० च्या जागी ३२७. रुंदीत की-वे पी ९ मापात ठेवा, म्हणजे २० पेक्षा ०.०२२ ते ०.०७४ कमी, म्हणजे की हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसेल. कीच्या बाजू कानसने घासून 'बसती' करायची सवय सोडायला लागेल. शाफ्टचा की-वे रुंद झाला असेल तर तो २२ चा साफ करून खाली २२ आणि वर २० ची पायरी असलेली की करता येते. कोपऱ्यांची गोलाई तिथेही विसरू नका.

बसवताना हब ओव्हनमध्ये किंवा इंडक्शन हीटरवर १८० अंशांपर्यंत तापवा. १५० अंशांच्या वाढीला ७० चं बोअर ०.१२ मिलिमीटर फुगतं, तुम्हाला ०.०८ ची मोकळीक मिळते आणि हब हाताने सरकतो. गॅसची ज्योत एकाच जागी धरली तर बोअर लंबगोल होतं. गिअरबॉक्सचं ऑइल सील जवळ असेल तर त्यावर ओलं फडकं ठेवा, नायट्राइलचं सील १०० अंशांच्या वर टिकत नाही. की आधी शाफ्टमध्ये बसवून ठेवा, हब एका दमात शाफ्टवरच्या खांद्यापर्यंत ढकला आणि गार होईपर्यंत दाबून धरा. हबच्या तोंडावर एम १६ चे दोन आटे आत्ताच पाडून ठेवा. पुढे हा हब काढायला आठेक टनांचा जोर लागणार आहे, तेव्हा पुलरला धरायला जागा हवी.

शेवटचं काम स्टार्टरचं. भरलेल्या बेल्टला थेट लाइनवर सुरू करायचं थांबवा. मोटर आणि गिअरबॉक्सच्या मधे फ्लुइड कपलिंग हा यावरचा जुना आणि उत्तम उपाय आहे. मोटरचा वेग हळूहळू चढवणारी इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह परवडत असेल तर तीही चालेल. स्टार-डेल्टाने काम भागेल असं वाटतं, पण स्टारमध्ये टॉर्क एक-तृतीयांश मिळतो. भरलेला बेल्ट तेवढ्यात हलत नाही आणि डेल्टात जाताना मोठा झटका बसतो.

चालू केल्यावर हब आणि शाफ्टच्या तोंडावरून एक सरळ पांढरी रेघ ओढा. पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पाहा. रेघ तुटली नाही आणि हबच्या कडेला लाल पूड दिसली नाही तर त्याला पुन्हा हात लावू नका. रेघ तुटलीच तर शाफ्टची तिन्ही जागांची मापं, बोअरचं माप आणि कीच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.